काढ्याचा व्हिडिओ काढा

सरिता आयुष्यात कधी कुणाशी गोड बोलली नव्हती आणि त्याबद्दल कोंढ्यात कुणाची तक्रारही नव्हती. आशाताईचं काम करणाऱ्या बाईनं गोड बोलून चालतं का हो? गरोदर सुनेला लोहाची गोळी देऊन 'कृपया घ्या' म्हटलं, तर ती गोळी उशाखाली जाते. 'गिळते का बोलावू तुया सासऱ्याले?' म्हटलं, की पोटात जाते. गावातला निम्मा आरोग्य विभाग सरिताच्या या एका वाक्यावर चालला होता.

म्हणून त्या दिवशी सुशीलाबाई जे बोलली, ते सरिताला आधी कळलंच नाही. धानाच्या रोवण्याचे दिवस. पाण्यानं भरलेल्या बांधीत बायांची रांग वाकलेली. सुशीलाबाईच्या नातवाची लस चुकली होती, म्हणून सरिता शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं तिला शोधत, वाटेतल्या चिखलाला शिव्या घालत गेली. सुशीलाबाई कंबर धरून उभी राहिली आणि म्हणाली, "काय वं सरिता, मोबाइलात कशी गुळावानी बोलते! आमच्याशी बोलाले का तुयी दाढ दुखते?"

"कोणत्या मोबाइलात?"

सुशीलाबाईनं कमरेला खोचलेली प्लास्टिकची पिशवी सोडली, हात लुगड्याला पुसले आणि मोबाइल समोर धरला. त्यात सरिता होती. तिचंच तोंड, हनुवटीवरचा तिचाच तीळ, हिरव्या काठाची तिचीच साडी. मागं साखर तपासणीच्या शिबिराचा मंडप. त्या शिबिरात कुण्या बातमीवाल्या पोट्ट्यानं तिचं बोलणं टिपलं होतं, ते तिला आठवत होतं. पण आता मोबाइलातली सरिता हात जोडून म्हणत होती, "नमस्कार आई. मी आपल्या गावची आशाताई, सरिता. कशा आहात तुम्ही? साखरेच्या गोळ्या खाऊन खाऊन थकलात ना? आजच बंद करा त्या. सकाळ-संध्याकाळ दोन चमचे गोडतोड काढा घ्या. मला तुमची फार काळजी वाटते हो आई."

सरिता पोट धरून हसली. "ही कोण व्हय वं बाई? मले पुण्याले दिलं होतं का कधी?" साऱ्या बाया हसल्या. एकीनं तर रोप हातात धरून 'काळजी वाटते हो आई' असं म्हणूनही दाखवलं.

हे हसणं घरापर्यंत पुरलं. घरी ओसरीत सरिताची सासू चंद्रभागाबाई बसली होती, आणि तिच्या पुढ्यात गोडतोड काढ्याची बाटली होती. म्हातारी पदरानं ओठ पुसत होती.

"आत्याबाई, हे कुठून आलं?"

"सुशीलानं मागवलं, तवा मीबी मागवलं. तूच तं सांगतलं."

"मी कवा सांगतलं?"

"मोबाइलात."

"अन् गोळ्या?"

"कोंबड्यांले टाकल्या."

तरीच तांबडी कोंबडी सकाळपासून मान टाकून बसली होती. सरिताचं हसू पार आटलं. तिनं म्हातारीचं बोट धरलं, टोचलं, आणि पट्टी मशीनला लावली. आकडा आला तो तिनं दोनदा पाहिला. गेल्या साली याच साखरेपायी म्हातारीच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडून कापावा लागला होता. कापणाऱ्या डॉक्टरनं तेव्हाच बजावलं होतं, की पुन्हा गोळ्या चुकल्या तर पुढच्या खेपेला पाय जाईल. आणि आता अंगठ्याशेजारच्या बोटाला लाली चढली होती.

"आत्याबाई, ते मी नोहो. ते मशीन व्हय. कुण्या चोट्ट्यानं माया तोंडाचा चोरून वापर केला."

"मशीन तुयापेक्षा बरं बोलते," म्हातारी म्हणाली आणि तिनं बाटलीला झाकण लावलं.

सरितानं आदळआपट केली, गोळ्यांचं नवं पाकीट आणलं, म्हातारीच्या पुढ्यात ठेवलं, 'मुडदा बसो तुमचा' म्हटलं. काही उपयोग झाला नाही. चंद्रभागाबाईनं तोंड मिटलं, की ते बैलजोडी लावूनही उघडत नसे. एवढंच म्हणाली, "तिनं बंद कराले सांगतलं. तिनं घ्याले सांगतलं, तं घेईन."

आता हा व्हिडिओ जगातून घालवायचा, हे सरितानं ठरवलं. व्हिडिओखाली तक्रारीचं बटण असतं, ते तिनं दाबलं. उत्तर आलं, की हा व्हिडिओ आमच्या कोणत्याही नियमाविरुद्ध जात नाही. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं बटण असं दाबलं, की मोबाइल हातातून निसटून चुलीच्या राखेत पडला.

मग तिचा नवरा जीवन संतापला. जीवन माणूस भला, पण त्याचा संताप म्हणजे घरात साप निघाल्यावर दिवा विझवणारा. त्यानं तो व्हिडिओ उचलला, वर लिहिलं, 'माझ्या पत्नीच्या या खोट्या व्हिडिओचा जाहीर निषेध! जास्तीत जास्त शेअर करा!' आणि त्याच ॲपवरच्या गावाच्या ग्रुपवर टाकला. झालं! सरपंचानं निषेध केला. बचत गटानं निषेध केला. बुद्धविहारातल्या मंडळानं निळ्या पट्टीवर 'जयभीम' लिहून निषेध केला, तर हनुमान मंदिराच्या मंडळानं मागं का राहावं, म्हणून भगव्या पट्टीवर केला. कोंढ्यात एवढी एकी पूर्वी कधी दिसली नव्हती. जो तो निषेध करी आणि सोबत व्हिडिओ जोडी. ज्या व्हिडिओची लाखांदूरकडं कुणाला खबरही नव्हती, तो दुसऱ्या दिवशी लाखांदूरच्या बसमध्ये वाजत होता. लोक निषेध वाचत नव्हते, व्हिडिओ तेवढा बघत होते आणि काढा मागवत होते.

"तुमी गप बसा ना जी," सरिता नवऱ्याला म्हणाली. "तुमच्या निषेधानं त्या चोट्ट्याचं दुकान चाललं."

अड्याळला चंद्रकुमारचं ऑनलाइनचं दुकान आहे. सातबाऱ्यापासून मतदार कार्डापर्यंत सगळं तिथं निघतं, आणि प्रत्येक कागदासोबत चंद्रकुमारचं एक भाषण फुकट मिळतं. सरिता बाजाराच्या दिवशी तिथं गेली. चंद्रकुमारनं व्हिडिओ पाहिला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "वैनी, काही घाबरू नोका. कायदा हाये! या कंपन्यांले आपल्या देशात तक्रार अधिकारी ठेवाच लागते. त्याच्याकडं आपली तक्रार गेली, का चोवीस तासात पोच द्यावीच लागते त्याले. हे बटण-फिटण सोडा. मी थेट साहेबालेच लिवतो."

"इंग्रजीत लिवा."

"इंग्रजीत कायले? मायबोलीत लिवू. आपन का कमी हाओ?"

आणि त्यानं मायबोलीत विषय लिहिला, 'गोडतोड काढ्याचा व्हिडिओ काढा.' खाली लिहिलं, 'महोदय, गोडतोड काढ्याचा हा व्हिडिओ त्वरित काढावा, ही नम्र विनंती.' वाचून दाखवलं. सरिताला काही खोट दिसली नाही. तुम्हाला तरी दिसते का?

उत्तर चोवीस तासांच्या आत आलं, याबद्दल कायद्याचे आभार मानले पाहिजेत. मराठी मशीनचं होतं. 'प्रिय निर्मात्या, काढ्यावर व्हिडिओ काढण्याच्या आपल्या इच्छेचे आम्ही स्वागत करतो. उत्तम व्हिडिओ काढण्यासाठी खिडकीजवळ उभे राहा, मोबाइल आडवा धरा आणि चेहऱ्यावर स्मित ठेवा.'

चंद्रकुमारच्या अभिमानाला ठेच लागली. त्यानं खुर्ची पुढं ओढून उलट टपाली लिहिलं, 'आम्हाला व्हिडिओ काढायचा नाही. आम्हाला काढलेला व्हिडिओ काढायचा आहे.' उत्तर आलं, 'काढलेला व्हिडिओ पुन्हा काढायचा असल्यास आधीपेक्षा अधिक प्रकाश वापरा.'

"जाऊ द्या चंद्रकुमारभाऊ," सरिता म्हणाली. "तुमची मायबोली तुमच्याच पोटात ठेवा."

इकडं घरी तिनं गोळी कुटून तुरीच्या वरणात कालवली. म्हातारीनं पहिला घास घेतला, जीभ फिरवली आणि ताट सरकवलं. "वरण कडू काहून?" दुसऱ्या दिवशी आंबिलीत कालवली. ती म्हातारीनं मांजरीपुढं ठेवली. मांजर वास घेऊन निघून गेली. "पाय, मांजरबी पित नाही तुया हातचं," चंद्रभागाबाई म्हणाली. बोटाची लाली आता पावलावर पसरत होती. दवाखान्यात चला म्हटलं, तर म्हातारी खांबाला धरून बसली, "आता बोट नाही देत मी कोणाले." सरिता तिला ओरडली, परसात गेली, आणि पदर तोंडात कोंबून रडली. तिला भीती वाटत होती. रोज दुसऱ्यांच्या घरात शिरून औषध घ्यायला लावणारी बाई, आणि स्वतःच्या घरातली म्हातारी तिच्यासमोर एक पाय गमावणार होती, तोही तिच्याच तोंडून ऐकून.

दुसऱ्या दिवशी तिनं भंडाऱ्याची बस धरली. सायबरच्या कामाच्या पोलीस मॅडम राखी म्हणून होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, चंद्रकुमारची चिठ्ठी वाचली, आणि टेबलावर डोकं टेकवून इतक्या हसल्या, की बाहेरचा हवालदार आत डोकावून गेला.

"ताई, 'काढा' हा शब्दच काढून टाका," त्या म्हणाल्या आणि पुन्हा हसायला लागल्या.

"मॅडम, हासून झालं तं सांगा. माया सासूचा पाय जाऊन राहिला."

राखी मॅडमनं हसू गिळलं. "सांगते. व्हिडिओ वाईट आहे, खोटा आहे, काढ्याचा आहे, यात पडूच नका. त्यावर ते वाद घालत बसतील. कायद्यात तुमच्या कामाचं एकच कलम आहे. कुणी तुमचा चेहरा बनावट वापरून तुमची तोतयागिरी केली, आणि ज्याची केली त्यानं स्वतः तक्रार केली, तर कंपनीला तो व्हिडिओ एका दिवसात हटवावा लागतो. तिथं त्यांची टाळाटाळ चालत नाही. सरळ लिहा, ही बाई मी नाही, माझी तोतया आहे, हिला हटवा. काढा बनवणाऱ्याचा शोध आम्ही घेतोच, त्याला वेळ लागेल. तुम्ही तुमच्या ओळखीचा पुरावा जोडा."

"म्हंजे मीच मी हाव, याचा पुरावा?"

"हो. आधार आहे ना?"

सरितानं आधार कार्ड काढलं. त्यावरच्या फोटोत एक डोळा मिटलेला, गाल सुजलेला. राखी मॅडमनं फोटो पाहिला, सरिताकडं पाहिलं, मोबाइलातल्या सरिताकडं पाहिलं. तिघींत तोतया कोण, असं कुणाही शहाण्याला विचारलं असतं, तर त्यानं आधारवालीवर बोट ठेवलं असतं. मॅडम भल्या होत्या. कार्ड जोडून, कलम टाकून, इंग्रजी आणि मराठी दोन्हींत तक्रार गेली.

परतताना बस अड्याळला थांबली आणि सरिताच्या डोक्यात एक बेत आला. एका दिवसात व्हिडिओ जाईल, ठीक. पण म्हातारी त्यानं गोळी घेणार होती थोडीच? ती मोबाइलातल्या सरिताचंच ऐकत होती. मग मोबाइलात सरितानंच का शिरू नये?

"चंद्रकुमारभाऊ," ती दुकानात शिरून म्हणाली, "आता खरंच व्हिडिओ काढा."

चंद्रकुमारला आनंद झाला. त्यानं तिच्या नावाचं खातं उघडलं, कंपनीनं सांगितल्याप्रमाणं तिला खिडकीजवळ उभं केलं, मोबाइल आडवा धरला. स्मित मात्र जमेना. "नमस्कार आई," सरिता म्हणाली आणि पुढं आवाज चढला, "गोळ्या कायले फेकल्या वं?" पुसून पुन्हा. "नमस्कार आई, कृपया... आता हे 'कृपया' कोणी शोधलं गा?" पुन्हा. 'आई' हा शब्दच घशात अडकत होता. सासूला ती लग्नापासून आत्याबाई म्हणत आली होती, रागात बुढी म्हणत होती. शेवटी एकदा जमलं. "नमस्कार आई. मी सरिता. काढा बंद करा. डॉक्टरांच्या गोळ्या आजच सुरू करा. मला तुमची काळजी वाटते हो आई." चंद्रकुमारनं ॲपवर टाकलासुद्धा. "वैनी, तोतयापेक्षा तुमी फिकट वाटता," तो म्हणाला, "पर चालून जाईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रभागाबाईनं व्हिडिओ पाहिला. डोळे मोठे केले. मोबाइलाजवळ तोंड नेलं. "घ्या म्हणून राहिली वं ही!"

"हो, म्हणते खरी." सरितानं श्वास रोखून गोळी तळहातावर काढली. दुसऱ्या हातात पाण्याचा गडवा.

"पुन्हा एकदा लाव. नीट आयकू दे."

सरितानं बोट लावलं. मोबाइलात चाक फिरलं आणि पांढरी पाटी आली. वर संदेश होता, 'आपल्या तक्रारीची दखल घेऊन सरिता यांची तोतयागिरी करणारे सर्व व्हिडिओ हटवण्यात आले आहेत. तोतयाचे खातेही बंद करण्यात आले आहे. सहकार्याबद्दल आभार.' सरितानं शोधलं. काढ्यावाला व्हिडिओ गेला होता. जीवनचा निषेध गेला होता, सरपंचाचा गेला होता, भगवा गेला होता, निळा गेला होता. आणि काल खिडकीजवळ उभी राहून, घाम गाळून केलेली खरी सरिताही गेली होती. कायदा शब्दाला जागला होता. त्यानं येऊन सगळ्या सरिता उचलून नेल्या होत्या.

"गेली?" म्हातारीनं विचारलं.

"गेली."

"कोणी नेली?"

"मीच काढाले लावली."

चंद्रभागाबाईचा चेहरा पडला. ती खरोखर दुखावली होती. "कायले काढली वं तिले? मले आई म्हणे ती. रोज इचारे, कशा आहात म्हणून. तू ये-जा करते, पर इचारते का कवा?"

"अन् तुमचा अंगठा कापला तवा कोण होतं?" सरिताचा आवाज फाटला. "पू कोणं धुतला? मयनाभर कोण उशाशी बसलं? ते मोबाइलातली आली होती का हिरव्या काठाची साडी नेसून?"

"तूच धुतला," म्हातारी म्हणाली. "पर शिव्या देत देत धुतला."

हे खरं होतं. ती म्हातारीच्या पायापाशी खाली बसली. पाऊल हातात घेतलं, ते गरम लागत होतं. आणि जे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, ते बोलली.

"मले भेव लागते ना, म्हणून वरडते मी. त्या दिवशी डॉक्टर पाय जाईल म्हणाला, तवापासून मले झोप नाही. तुमी गेल्या, तं या घरात मी भांडू कोणाशी? मले लहानपणापासून माय नाही. तुमीच हाव." तिनं नाक पदराला पुसलं. आवाज एकदम मऊ झाला, तिचा तिलाच ओळखू आला नाही. "घे ना वं माय. एक गोळी घे. माया हातानं घे."

चंद्रभागाबाईनं मान तिरपी केली. सुनेच्या तोंडाकडं, हनुवटीवरच्या तिळाकडं, साडीच्या काठाकडं बराच वेळ पाहिलं. मग अंग चोरून थोडी मागं सरकली.

"तू सरिताच व्हय ना?" तिनं संशयानं विचारलं.

"म्हंजे?"

"अशी तं बोलत नाही ते. तूबी त्यातलीच तोतया असशीन. एक शिवी देऊन दाखव पाहू."

सरितानं डोळे पुसले. गळा खाकरला.

"ए थेरडे, मुडदा बसो तुया! गिळते का नरड्यात कोंबू? अन् गिळली का उठ मुकाट्यानं, अॅटो बोलावून ठेवला, दवाखान्यात चालाचं हाये!"

"हां," चंद्रभागाबाई म्हणाली. "हेच व्हय."

तिनं गोळी तोंडात टाकली आणि गडव्यासाठी हात पुढं केला.